धक्क्याचं गाऱ्हाणं

दोह्यात अल अझीझियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची सकाळ अजूनही होते, पण आता ती नुसतीच होते. पूर्वी ती माशाच्या कढीतल्या तिरफळाच्या वासानं व्हायची. आम्ही डोळे चोळत बाहेर येईपर्यंत सदानंदकाका मासळीबाजार करून आलेले असायचे आणि ओट्यावर सुरमईचे तुकडे हळद-मीठ लावून पडलेले असायचे. इथं त्या माशाला कनद म्हणतात. काकांनी इतक्या वर्षांत तो शब्द एकदाही उच्चारला नाही. दुकानासमोर उभं राहून 'सुरमई'च म्हणायचे, आणि शेवटी तो मासेवालाच त्यांना लांबून बघून "सुरमई, सुरमई" ओरडायला लागला.

"अरबी शिकूक इल्लंय हंय," काका म्हणायचे, "आणि तेंकाच मालवणी शिकवन जातलंय."

मी सांगोल्याचा. मासा हा प्राणी दहावीपर्यंत मी फक्त विज्ञानाच्या पुस्तकात पाहिला, तोही अर्धा कापलेला, बाण दाखवून. दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर दोह्याला आलो, आयटी सपोर्टला. खोली शोधत होतो तेव्हा नाशिकच्या अवधूतनं सांगितलं की आमच्याकडे एक बेड आहे, पण अट एक आहे, शुक्रवारी नाक धरायचं नाही. पहिल्या शुक्रवारी मी नाक धरलं. दुसऱ्या शुक्रवारी ताट.

काका अल थुमामाच्या एका कंपाउंडमध्ये मेंटेनन्स सुपरवायझर होते. सुपरवायझर म्हणजे ज्याच्या हाताखाली कोणी नाही, पण एसी गळला की सगळे ज्याला फोन करतात तो. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, आणि आवाज असा की बाथरूममध्ये खाकरले तरी शेजारचं मिसरी, म्हणजे इजिप्तचं, कुटुंब दार उघडून बघायचं. हा आवाज घराण्याचा. त्यांचे वडील खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. अलीकडून पलीकडे हाक मारता मारता आवाज एवढा तयार झाला की बेटाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याकडे आला, आणि त्यांच्या मागून काकांकडे.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे मलाही काकांनीच समजावलं. आमच्याकडे देवासमोर जो तो आपापलं मनातल्या मनात मागतो. कोकणात एक जण मोठ्यानं मागतो आणि सगळा गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतो.

"म्हणजे प्रस्ताव आणि अनुमोदन," मी म्हणालो.

"तसाच. फक्त हंय विरोध नसता," काका म्हणाले. "थंयच सगळी गोम आसा."

त्यांचं गाव कांदळबेट. सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या तोंडाशी, भोवती कांदळ, म्हणजे खारफुटी. मी नकाशात शोधत बसलो तर म्हणाले, "गूगलाक म्हायत नाय ता. आणि गूगल जर थंय गेलोच, तर राजाभाऊ तेचेकडनाय लाँचीचा तिकीट घेतलो."

या राजाभाऊंची गजाल ऐकल्याशिवाय एकही शुक्रवार गेला नाही. राजाभाऊ म्हणजे बेटाचे सरपंच. तीनदा निवडून आलेले. मग जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा त्यांची बायको सरपंच झाली, आणि राजाभाऊ नुसते 'भाऊ' राहिले, म्हणजे खुर्ची तिची आणि बसणं यांचं. बेटाला पूल हवा ही जुनी मागणी. दर निवडणुकीआधी पुलाचा नारळ फुटायचा. एवढे नारळ खाडीत टाकले असते तरी लोक त्यावरून चालत पलीकडे गेले असते, असं काका म्हणत. प्रत्यक्षात उभा राहिला एक खांब. ठेका राजाभाऊंच्या मेहुण्याचा होता. आणि खांबाच्या बाजूनं रोज जी लाँच जायची, ती राजाभाऊंची स्वतःची.

"मग पूल कशाला होईल?" मी म्हणायचो. "तुमच्याकडं पाणी आहे, पूल नाही. आमच्याकडं पूल आहे, खाली पाणी नाही. दोन्हीकडं ठेकेदार मात्र आहेत."

सगळे हसायचे. काका हसत नसत. तो पूल राजाभाऊंच्या हातात काकांनीच दिला होता, असं ते समजत.

झालं होतं असं. काका कतारला यायच्या आदल्या जत्रेत राजाभाऊ नवे सरपंच होते. ते काकांच्या कानाला लागले की गाऱ्हाण्यात एक वाक्य वाढव. काकांना वाटलं, चांगलंच आहे. त्यांनी पावसाचं मागितलं, मासळीचं मागितलं, मुलाबाळांचं मागितलं, आणि त्याच सुरात म्हणाले, बेटाक पूल येवंदे आणि तो राजाभाऊच्या हातसून होवंदे. अख्ख्या मंडपानं "व्हय म्हाराजा" म्हटलं. कोणी विचार करून म्हटलं नाही. तिथं विचार करून कोणीच म्हणत नाही, तोंडाला सवय असते. पण देवासमोर एकदा व्हय म्हटलं की ते मागं घ्यायचं नाही, ही बेटाची रीत. पुढं ग्रामसभेत कोणी ठेक्याबद्दल तोंड उघडलं की राजाभाऊ शांतपणे विचारायचे, "त्या दिवशी व्हय कोण म्हणलेलो? तूच मां?" की तो माणूस खाली बसायचा.

"कोर्टात निकाल फिरता रे कुणाल," काका म्हणायचे. "हो फिरना नाय."

गेल्या वर्षी काकांच्या कंपनीनं त्यांना सांगितलं की आता पुरे. काका तसे खूश होते. नयनाकाकी तिकडे एकट्या. जुनं घर उतरवून नवं बांधायला घेतलं होतं, जोतं झालं होतं, पण वरचं काम पंचायतीच्या परवानगीवर अडलं होतं. काकी शेजारी पत्र्याच्या खोलीत राहत होत्या. काकांनी स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला घ्यायची यावर आम्हा दोघांची मतं मागवली होती. अवधूत पूर्वेला म्हणाला, मी म्हटलं जिकडून मासे शिजल्याचा वास बाहेर जाईल तिकडे.

आणि तेवढ्यात राजाभाऊ दोह्यात उतरले.

अभ्यासदौरा! बेटांचा विकास कसा करतात ते पाहायला. सोबत कोणी नाही, अभ्यास करणारे हे एकटेच. त्यांना फिरवायचं काम मुदस्सिरवर पडलं. मुदस्सिर खाडीपलीकडच्या गावचा, इथं लिमोझिन चालवतो, आणि काकांच्या हातच्या कढीसाठी बिरकत अल अवामेरहून भाडं टाकून यायचा. त्याच्या भावाची तिकडे साधी मशीनची होडी आहे. राजाभाऊंच्या लाँचपेक्षा स्वस्तात माणसं पलीकडे सोडते. मीही गाडीत होतो, कारण राजाभाऊंना फोटो काढायला कोणीतरी हवं होतं. आम्ही त्यांना पर्लला नेलं, ते समुद्रात भराव घालून केलेलं बेट. उंच इमारती, यॉट, कॉफीची दुकानं.

"बघ," राजाभाऊ हात फिरवून म्हणाले, "ह्यांनी हातान बेट केल्यानी. आपल्याक देवान दिलेला आसा, तरी आपण मागे. कशामुळे?"

"ह्यांनी पूल आधी बांधलो आसतलो, भाऊ," मुदस्सिर आरशात न बघता म्हणाला.

राजाभाऊंनी काच खाली केली आणि गरम हवा आत आली म्हणून परत वर केली.

संध्याकाळी ते आमच्या फ्लॅटवर आले. पांढरा सदरा, पायात नवे बूट, हातात खजुराचा डबा. अवधूतच्या ऑफिसच्या खुर्चीत बसून एकदा गोल फिरून बघितलं. काकांनी चहा दिला.

"सदानंदा, घराचा काम अडाकला म्हणे तुझा?"

"तुमीच अडकवलास मां."

"अरे मी कोण? सरपंच आमची मंडळी. मी साधो माणूस." ते मनापासून हसले. हसण्यात राग लपवलेला वगैरे अजिबात नव्हता. तोच त्या माणसाचा खरा गुण. "आयक. शुक्रवारी ग्रामसभा आसा, देवळाच्या मंडपात. आधी गाऱ्हाणा. तू हंयसून व्हिडिओवर घाल. लोक तुझ्या आवाजाक तरसलेत. फक्त एक वाक्य मधी घाल. बेटाचो धक्को विकासाक दिलेलो आसा, तेका यश देवंदे. बस्."

"विकास म्हणजे कोण?"

"कंपनी आसा एक."

"तुमच्या सुनेची?"

"सून विकास करूक शकना नाय काय?" राजाभाऊंनी खजुराचा डबा पुढं सरकवला. "सोमवारी परवानगी तुझ्या बायलेच्या हातात. माझो शब्द."

धक्का म्हणजे बेटाच्या टोकाची दगडी उतरंड. काकांच्या वडलांची तर तिथंच लागायची. आता सगळ्यांच्या होड्या लागतात, मुदस्सिरच्या भावाचीही, आणि तिथं पाय ठेवायचे कोणी काही घेत नाही. कंपनीकडे गेला की घेणार, आणि ज्याची होडी नको त्याला लावू देणार नाही, एवढं सरळ होतं.

राजाभाऊ गेल्यावर काका ओट्यापाशी उभे राहिले. मुदस्सिर दाराजवळच्या चटईवर बसला होता. तो म्हणाला, "दादा, तू बोल त्येचा वाक्य. घर होवंदे तुझा. आमची होडी काय, दुसरीकडे लावू."

"खंय लावशात? कांदळात?"

"लावू खंयतरी."

"मेल्या, भरतीक कांदळात होडी लावन दाखव माका!" काका एकदम ओरडले, आणि भिंतीपलीकडचं मिसरी दार उघडलं. मी बाहेर जाऊन "मालिश, मालिश" म्हणून आलो. असू दे, काही नाही, एवढंच अरबी मला येतं, आणि काकांच्या शेजारी राहायला तेवढं पुरतं.

त्यांनी काकींना फोन लावला, स्पीकरवर. काकांचं बोलणं स्पीकरवरच असायचं, फोन कानाला लावला तर तो फुटेल अशी त्यांना भीती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "तू सांग, नयना. पावसाळो येता. पत्रे गळतत. तूच सांग काय करू."

तिकडून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज आला.

"मी काय सांगू?" काकी म्हणाल्या. "गळती माझ्या डोक्यावर आसा, ती मी बघतंय. तुमी तोंडान काय बोलतलात ता तुमी बघा. मी मंडपात बसतलंय. व्हय म्हणूचा की नाय ता माझा मी ठरवतलंय. गेल्या टायमाक ठरवूक नाय, आता ठरवतलंय."

"म्हणजे काय करू?"

"म्हणजे जेवलास काय? जेवा आधी."

त्या आठवड्यात आम्ही काय खाल्लं ते न सांगितलेलं बरं. कढीत मीठ नव्हतं, मग दोनदा होतं. कंपाउंडमध्ये काकांनी एका मॅडमच्या गीझरऐवजी शेजारच्यांचा गीझर काढून ठेवला. ते रात्री खिडकीचा विषय काढायचे. पूर्वेला की पश्चिमेला? आणि उत्तर ऐकायच्या आत पांघरूण ओढून घ्यायचे. खिडकी हवी होती त्यांना. माणूस एवढी वर्षं दुसऱ्यांच्या घरांच्या खिडक्या दुरुस्त करतो, त्याला आपली एक हवी असणारच.

शुक्रवारी सकाळी मी टीव्हीला लॅपटॉप जोडला. पडद्यावर मंडप दिसला. पुढं बायका, मागं पुरुष, कडेला खुर्चीत सरपंचबाई हार घालून. दुसऱ्या रांगेत काकी बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या पडद्यावर बघत होतो. आमच्याकडे राजाभाऊ टीव्हीच्या बाजूला हात जोडून उभे, अवधूत, मी, आणि दाराशी मुदस्सिर. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गणपतीच्या तसबिरीपुढं नारळ ठेवून उभे राहिले. मी खिडक्या बंद आहेत ना बघून घेतलं.

"बा देवा म्हाराजा!" काकांनी सुरुवात केली. "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. काय हंय, काय समुद्रापलीकडे. तेंका सांभाळून घे!"

"व्हय म्हाराजा!" आमचं आधी गेलं, मग थोडं थांबून तिकडून अख्ख्या मंडपाचं आलं. पडद्याच्या स्पीकरमधून ते "व्हय" आलं तेव्हा माझ्यासारख्या सांगोल्याच्या माणसाच्याही अंगावर काटा आला. अशा आवाजाला नाही म्हणणं अवघडच आहे, हे तेव्हा कळलं.

"होडयेक वारो सरळ देवंदे, जाळ्याक मासळी लागांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण घर सोडून पोटापाठी भायर गेलोहा, तेका सुखरूप घरा येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" यात काकींचा आवाज मला वेगळा ऐकू आला. निदान मला तसं वाटलं.

मग काका थांबले. राजाभाऊंनी मान हलवली, म्हणजे आता.

"म्हाराजा," काका म्हणाले, आणि आवाज खाली आला. "आता एक मागणा आसा. ह्या मागणा बेटाचा नाय. ह्या राजाभाऊचा आसा. तेच्या सुनेच्या कंपनीक आपलो धक्को होयो आसा. तेनी माका घालूक सांगल्यान, म्हणान घालतंय. माझ्या घराची परवानगी तेच्या हातात आसा, ताय तुका म्हायत असांदे. जेका ह्या पटात, तेनी काय ता म्हणूचा."

अवधूतचं तोंड सवयीनं उघडलं होतं. "व्ह—" एवढं बाहेरही आलं. मुदस्सिरनं हात लांबवून त्यात खजूर कोंबला.

तिकडून काहीच आलं नाही.

आम्ही थांबलो. नेहमीएवढं थांबलो, मग जास्त थांबलो. राजाभाऊ वाकून पडद्याकडे बघायला लागले.

"नेट गेला काय रे?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, चालू आहे."

"हँग झाला आसतला."

"पंखा फिरतोय की भाऊ," मी दाखवलं. मंडपातला पंखा फिरत होता. एक बाई पदरानं वारा घेत होती. एक कुत्रं मंडपातून सावकाश चालत गेलं आणि सरपंचबाईंच्या खुर्चीखाली बसलं.

"अरे कोण तरी बोला रे थंयसून!" राजाभाऊ पडद्यावर ओरडले. "आवाज येता की नाय?"

सरपंचबाईंनी माइक जवळ ओढला आणि अगदी सरळपणानं, नवऱ्याला काळजी वाटू नये म्हणून, सांगितलं, "येता हो. सगळा स्पष्ट ऐकाक येता."

राजाभाऊंनी एकदा आमच्याकडे बघितलं. मग हात जोडले, डोळे मिटले आणि एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा." एसीच्या घरघरीत ते ऐकू आलं न आलं.

काकांनी त्यांना पुरेसा वेळ दिला. मग म्हणाले, "बरा म्हाराजा. जेचा मागणा तेच्याकडे." आणि पुढं गेले. पावसाचं मागितलं, पोरांच्या परीक्षांचं मागितलं, आजाऱ्यांचं मागितलं. प्रत्येक वाक्याला मंडप असा उठून बोलायचा की माझ्या लॅपटॉपचा स्पीकर त्या दिवसापासून चिरका झाला तो झालाच.

राजाभाऊंनी आरडाओरडा केला नाही. चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाले. निघताना दारात बूट घालता घालता विचारलं, "सदानंदा, घर बांधूचा म्हणतहस मां अजून?"

"म्हणतंय."

"बरा," राजाभाऊ म्हणाले. एवढंच.

त्यांना हॉटेलवर सोडायला मुदस्सिरच गेला, दुसरं कोण जाणार. परत आल्यावर आम्ही विचारलं, वाटेत काय बोलले? "काय नाय. फक्त एसी वाढव म्हणाले. दोन वेळा."

त्या सभेत धक्क्याचा विषय निघाला नाही. पुढच्या सभेत निघेल, किंवा त्याच्या पुढच्या. राजाभाऊ बेटावरच आहेत, त्यांची लाँचही आहे, सूनही आहे. सोमवारी परवानगी आली नाही. पुढच्या सोमवारीही नाही.

काका त्याच महिन्यात गावी परतले. सामानात दुधाच्या पावडरीचे डबे, काकींसाठी एक जाड ब्लँकेट जे कोकणात कधी लागणार नाही, आणि आपले पाने-पकडी. त्यावरून विमानतळावर सिक्युरिटीशी वाद झाला. "यल्ला, यल्ला, खलास," म्हणजे चला, पुरे, असं तो शिपाई ओरडला आणि शेवटी पाने चेक-इन बॅगेत गेले. आत जाताना त्यांनी मला एवढंच सांगितलं की सुरमई घेताना डोळे बघ. मी अजून बघतो. मासा मला बघतो. दोघांनाही काही समजत नाही.

तिरफळं एका बरणीत आहेत, ती कोणी उघडत नाही, कारण किती घालायची हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. काकांच्या बेडवर आता एक पुण्याचा इंजिनिअर आहे. सज्जन आहे. शुक्रवारी ओट्स खातो.

परवा पावसाच्या तोंडाशी फोन लावला. मागं धो धो आवाज येत होता, पत्र्यावरचाच असणार.

"काका, घराचं काय?"

"घराचा काय? जोता आसा. तेच्यार आता गवत बरा येता. नयना म्हणता शेळी ठेवया."

"म्हणजे राहायला पत्र्याखालीच?"

"मग खंय रवतलंय? दोन ठिकाणी गळता. एका ठिकाणी तुझी काकी टोप ठेवता, दुसऱ्या ठिकाणी मी." ते हसले. भिंतीपलीकडचं दार उघडेल असं मला उगाच वाटलं. "आयक, सकाळी बाजार करून इलंय. मुदस्सिरच्या भावाच्या होडयेतना. धक्क्यार उतारलंय, पाय पाण्यात, डोक्यार पिशयी. वर चढलंय आणि थंयच जरा उभो रवलंय."

"कशाला?"

"कशाक म्हणजे? कोण पैशे विचारता काय बघूक." पत्र्यावरचा आवाज वाढला, तसा त्यांनी आपलाही वाढवला. "कोण विचारूक नाय रे. तसोच घराक इलंय."